छप्पर काढलं की काय काय बदलतं: क्योटोची उघडी चित्रबाग

क्योटो शहराच्या उत्तर भागात कितायामा नावाचं भुयारी रेल्वेचं स्थानक आहे. त्याच्या 3 क्रमांकाच्या दारातून वर आलं की लगेच राखाडी काँक्रीटच्या भिंतींची एक जागा लागते. बाहेरून पाहून आत काय असेल याचा पत्ता लागत नाही. 100 येनचं तिकीट काढून आत गेलं की मिकेलँजेलो, लिओनार्दो, मोने आणि व्हॅन गॉग यांची चित्रं उघड्या आभाळाखाली दिसतात. वर छप्पर नाही, समोर काच नाही. पाऊस आला की चित्रं भिजतात, उन्हाळ्यात तापतात, हिवाळ्यात गोठतात. मोनेची कमळं तर बारा महिने पाण्याखालीच आहेत.

या जागेचं जपानी नाव ‘तोबान मेइगा नो निवा’. तोबान म्हणजे भाजलेल्या मातीची फरशी, मेइगा म्हणजे नामांकित चित्रं आणि निवा म्हणजे बाग. मार्च 1994 मध्ये ती लोकांसाठी उघडली. रचना तादाओ आंदो यांची. 1941 साली ओसाकात जन्मलेले आंदो वास्तुकलेच्या कुठल्याही महाविद्यालयात शिकलेले नाहीत. बाग उघडली त्याच्या पुढच्या वर्षी, 1995 मध्ये, त्यांना वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार मिळाला. बागेत आठ चित्रं आहेत, सगळी मूळ चित्रांवरून भाजलेल्या फरश्यांवर उतरवलेली. त्यांतली चार आधी 1990 च्या ओसाका इथल्या फुलं आणि हिरवाईच्या जागतिक प्रदर्शनात, आंदोंनीच आखलेल्या दालनात मांडली होती. उरलेली चार या बागेसाठी नव्याने घडवली.

ही बाग समजून घ्यायची तर छपरापासून सुरुवात करावी, म्हणजे नसलेल्या छपरापासून. छप्पर काढायचं ठरलं की चित्र कशाचं करायचं, भिंत कशी ओतायची, पाणी कुठून कुठे न्यायचं, माणसाला कुठल्या वाटेने चालवायचं, हे सगळं त्या एका निर्णयामागून ओढलं जातं.

खरं चित्र बाहेर का टिकत नाही

तैलचित्र म्हणजे एकावर एक चढवलेले थर. तळाशी ताणून बसवलेलं कापड, त्यावर सरसाचा हात, त्यावर पांढरं अस्तर आणि सगळ्यात वर जवसाच्या तेलात घोटलेला रंग. हवेतला ओलावा कमीजास्त झाला की कापड आणि सरस फुगतात, आकसतात. वर वाळून ताठ झालेल्या तेलाच्या थराला तेवढं हलता येत नाही, म्हणून त्याला तडे जातात. तडा गेला की पापुद्रा सुटायला वेळ लागत नाही.

उजेडाचं नुकसान याहून मोठं असतं. कागदावरच्या जुन्या चित्रांसाठी संग्रहालयं साधारण 50 लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेड ठेवतात, तैलचित्रांसाठी 150 ते 200. भर दुपारच्या उघड्या उन्हात हाच आकडा 1 लाख लक्सपर्यंत जातो. म्हणजे मंद दालनात 2000 तासांत मिळणारा उजेड उन्हात एका तासात मिळतो. शिवाय उन्हात अतिनील किरण असतात, आणि सेंद्रिय रंग तेच तोडतात. व्हॅन गॉगने वापरलेला एक लाल रंग तर संग्रहालयाच्या आतसुद्धा इतका उडाला आहे, की काही चित्रांतल्या मूळच्या गुलाबी जागा आज पांढुरक्या दिसतात.

तेव्हा उघड्यावर चित्र लावायचं, तर त्यात तेल, सरस, कापड, कागद यांतलं काहीही चालणार नाही. जळू शकेल किंवा कुजू शकेल अशी प्रत्येक वस्तू आधीच जाळून टाकलेली हवी. भट्टीत नेमकं तेच होतं.

माती, ग्लेझ आणि भट्टी

बागेतल्या फरश्या शिगाराकी या जुन्या कुंभारगावात घडल्या. ओत्सुका ओमी या कंपनीचं ते काम. याच कंपनीच्या फरश्यांवर पुढे 1998 मध्ये नारुतो इथे हजाराहून अधिक चित्रांचं अख्खं संग्रहालय उभं राहिलं.

मोठी फरशी बनवणं मडकं घडवण्यापेक्षा अवघड का, ते आधी पाहू. साधी माती वाळताना आणि भाजताना मिळून 8 ते 12 टक्के आकसते. पेल्याच्या आकारात ते खपून जातं. पण 3 मीटर लांबीच्या पट्टीत 10 टक्के म्हणजे 30 सेंटीमीटर. त्यातही कडा आधी वाळतात, मधला भाग नंतर. त्यामुळे फरशी पापडासारखी वळते, नाहीतर मधोमध चिरते. उपाय म्हणून मातीत आधीच भाजून दळलेल्या मातीची भरड मिसळतात. ही भरड एकदा आकसून झालेली असते, पुन्हा आकसत नाही, त्यामुळे एकूण आकसणं कमी होतं आणि वाफ बाहेर पडायला वाट मिळते. तरीही वाळवण्याचं काम संथपणे आणि सगळीकडून सारख्या हवेतच करावं लागतं. इथे घाई केली की पुढचं सगळं वाया.

चित्र त्यावर येतं ते असं. मूळ चित्राचे बारीक तपशिलाचे फोटो घेतात आणि रंग वेगवेगळे काढतात. मग सिरॅमिकच्या रंगांनी खास कागदावर छपाई करून ती प्रतिमा एकदा भाजलेल्या फरशीवर उतरवतात. फरशी भट्टीत जाते, बाहेर येते, मूळ चित्राच्या रंगांशी ताडून पाहिली जाते. जिथे कमी पडतं तिथे कारागीर हाताने ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काच होणारा लेप, चढवतो. पुन्हा भट्टी, पुन्हा ताडणं. तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर असतं. तिथे तेल, डिंक, कागद जळून जातात आणि उरतात ती काचेत अडकलेली धातूंची संयुगं. ऊन या रंगांचं काही बिघडवू शकत नाही. जी रासायनिक क्रिया व्हायची ती उन्हाच्या कितीतरी पट तापमानात आधीच होऊन गेलेली असते.

कारागिराची खरी परीक्षा अशी, की तो जो रंग लावतो तो त्याला लावताना दिसत नसतो. कोबाल्टचं कार्बोनेट कच्चं असताना जांभळट गुलाबी दिसतं, भाजल्यावर गर्द निळं होतं. तांबं भट्टीत भरपूर हवा असेल तर हिरवं येतं, हवा कोंडली तर लाल. क्रोमियम एरवी हिरवं, पण शेजारी कथिल असलं की गुलाबी आणि जस्त असलं की तपकिरी. म्हणजे दोन रंग वेगवेगळे बरोबर असले तरी एकमेकांच्या शेजारी आल्यावर बिघडू शकतात. सगळ्यात हट्टी रंग लाल. झगमगीत लाल देणारं कॅडमियम आणि सेलेनियमचं मिश्रण जास्त तापमानात उडून जातं, म्हणून त्याचे कण झिर्कॉनच्या पारदर्शक कवचात बंद करून वापरायची पद्धत आहे. हे सगळं डोक्यात ठेवता येत नाही. त्यामुळे शेकडो छोट्या तुकड्यांवर रंगांचे नमुने भाजून ठेवतात आणि काम करताना त्यांच्याकडे बघतात.

आणि मग सांधे. एक मोठं चित्र अनेक फरश्यांचं मिळून बनतं आणि त्या सगळ्या एकाच वेळी, भट्टीत एकाच जागी भाजल्या जात नाहीत. भट्टीचा एक कोपरा थोडा जरी गरम राहिला तर छटा सरकते. एकट्या फरशीत ते कळतही नाही, पण दोन फरश्या शेजारी लावल्या की आभाळाच्या मधोमध रेघ उमटते. बागेत सपाट रंगाच्या जागी उभं राहून सांध्याच्या दोन्ही बाजू बघा. रंग सलग वाहत गेलेला दिसला, तर त्यामागे किती फेरभाजण्या असतील याची कल्पना येईल.

क्योटोत हिवाळ्याच्या रात्री पारा शून्याखाली उतरतो, त्यामुळे फरशीला आणखी एक गोष्ट जमायला हवी: पाणी न पिणं. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. साध्या लाल मातीच्या कौलात पाणी शिरलं आणि गोठलं, की टवके उडतात. चांगल्या घट्ट भाजलेल्या फरशीत वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी शिरतं, त्यामुळे फुगायला आत काही उरतच नाही.

ही चित्रं कोणत्या तारखेची आहेत?

भाजलेल्या चित्रात फोटो काढला त्या दिवसाची अवस्था कायमची थांबते, आणि इथे ते तीन ठिकाणी स्पष्ट कळतं.

मिकेलँजेलोचा ‘अंतिम न्याय’ व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपेलमध्ये 1536 ते 1541 या काळात रंगवला गेला. शतकानुशतकांची मेणबत्त्यांची काजळी आणि जुन्या दुरुस्त्यांचा सरस त्यावर बसला होता. तो साफ करून एप्रिल 1994 मध्ये भिंत पुन्हा खुली झाली. क्योटोची बाग उघडली मार्चमध्ये. म्हणजे इथलं चित्र साफसफाईच्या आधीचं आहे. रोममध्ये आज झगझगीत निळं आभाळ दिसतं. ते डोळ्यांत भरून इथे आलेल्याला हे चित्र मळकट वाटेल, पण चारशे वर्षं लोकांनी जे पाहिलं त्याच्या शेवटच्या टप्प्याची ही नोंद आहे.

लिओनार्दोचं ‘अखेरचं भोजन’ याहूनही नाजूक. त्याने ओल्या चुन्यावर झटपट रंगवण्याऐवजी कोरड्या भिंतीवर सावकाश रंगवलं. ओल्या चुन्यात रंग भिंतीचाच भाग होतो, कोरड्या भिंतीवर तो नुसता चिकटून राहतो. काही दशकांतच पापुद्रे निघू लागले. 1978 ला सुरू झालेली त्याची मोठी दुरुस्ती 1999 मध्ये संपली, म्हणजे बाग उघडली तेव्हा मिलानमध्ये काम चालूच होतं.

तिसरं चित्र फ्रेंच चित्रकार सरा याचं, ‘ग्रांद जात बेटावरची रविवार दुपार’. सराने त्यात जस्ताचा एक नवा पिवळा रंग वापरला होता. त्याच्या हयातीतच तो काळवंडून तपकिरी झाला. मूळ चित्रात तो आजही तसाच आहे आणि फरशीवरही तसाच उतरला आहे. गवतावरचे मळकट तपकिरी ठिपके दिसले तर भट्टीची चूक समजू नका.

दुप्पट केल्याने काय होतं

मोनेची ‘कमळं : सकाळ’, ‘अखेरचं भोजन’ आणि ‘अंतिम न्याय’ ही तीन चित्रं जवळपास मूळ मापाची आहेत. बाकीची दुप्पट: सराचं चित्र, व्हॅन गॉगचा ‘सायप्रस आणि ताऱ्याचा रस्ता’, फ्रेंच चित्रकार रन्वारच्या ‘गच्चीवरच्या दोघी बहिणी’, चीनमधलं छिंगमिंग सणाच्या वेळी नदीकाठचं दृश्य आणि जपानचं ‘चोजू गिगा’, म्हणजे माणसांसारखे वागणारे ससे आणि बेडूक. रुंदी आणि उंची दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट होतं. व्हॅन गॉगचं मूळ चित्र 92 बाय 73 सेंटीमीटर, घरातल्या भिंतीवर मावेल एवढं. इथे ते जवळजवळ माणसाच्या उंचीचं झालं आहे.

हे गुंडाळीच्या चित्रांना फारच मानवतं. छिंगमिंगची मूळ गुंडाळी फक्त 24.8 सेंटीमीटर उंच आणि सव्वापाच मीटर लांब आहे. ती मांडीवर घेऊन, हातभर उलगडत पाहायची वस्तू. दुप्पट होऊन ती साडेदहा मीटरची भिंत होते आणि माणूस तिच्या कडेने चालत जातो. हात उलगडायचे ते काम आता पाय करतात. पूल, होड्या, दुकानं एकेक करून पुढे येत जातात.

सराच्या चित्राला मात्र किंमत मोजावी लागते. त्याचं तंत्र असं, की रंगांचे ठिपके शेजारी ठेवायचे आणि मिसळण्याचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवायचं. सामान्य डोळा 1 मिलिमीटरचा ठिपका साधारण साडेतीन मीटरवरून वेगळा ओळखू शकतो, त्यापलीकडे नाही. 3 मिलिमीटरचा ठिपका विरघळायला सुमारे 10 मीटर लागतात. दुप्पट केल्यावर तोच ठिपका 6 मिलिमीटरचा होतो आणि अंतर 20 मीटर. उघड्या बागेत पाण्यापलीकडून बघायची सोय असते, बंद खोलीत ती क्वचित मिळते. या चित्रासमोर नाक लावून उभे राहू नका. मागे सरका, शक्य तेवढे.

भिंतीवर टांगलेले टन

‘अंतिम न्याय’ इथे सुमारे 14 मीटर उंच आणि 13 मीटर रुंद आहे, म्हणजे 180 चौरस मीटरच्या वर. फरशी 2 सेंटीमीटर जाड धरली तर एका चौरस मीटरचं वजन 45 किलोच्या आसपास जातं आणि अख्ख्या चित्राचं 8 टनांहून जास्त. एवढं वजन नुसत्या गिलाव्यावर चिकटवून चालत नाही, तेही भूकंपाच्या देशात. अशा फरश्या मागच्या बाजूने धातूच्या अँकरने धरतात आणि प्रत्येक ओळ आपला भार थेट आधारावर टाकते, खालच्या ओळीच्या डोक्यावर नाही.

सांध्यातली फट चुकून राहिलेली नसते, हेही इथेच सांगायला हवं. काँक्रीट आणि भाजलेली माती सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. हिवाळ्यातली पहाट आणि उन्हाळ्यातली दुपार यांत भिंतीच्या तापमानात 40 अंशांचा फरक धरला, तर 13 मीटर काँक्रीट सुमारे 5 मिलिमीटर वाढतं आणि तेवढीच फरशी 3 मिलिमीटर. फट न ठेवता टाईट बसवलं तर हा 2 मिलिमीटरचा फरक कुठेतरी फरशीची कड उडवूनच बाहेर पडणार. म्हणून फटीत लवचिक मसाला भरतात, आणि काही वर्षांनी तो कडक झाला की उकरून बदलतात.

काँक्रीट : आरसा नाही, पण जवळपास

आंदोंच्या भिंती लांबून कापडासारख्या मऊ वाटतात. काँक्रीट ज्या साच्यात ओतलं त्याची नक्कल करतं, त्यामुळे सगळी कला शटरिंगची आहे. आंदो वापरतात त्या प्लायचं माप 90 बाय 180 सेंटीमीटर, साधारण जपानी घरातल्या एका तातामी चटईएवढं. भिंतीवर दिसणाऱ्या बारीक रेघा या प्लायच्या कडा आहेत. प्रत्येक चौकटीतली सहा गोल छिद्रं सजावटीसाठी काढलेली नाहीत. भिंतीच्या दोन बाजूंचे साचे एकमेकांपासून फाकू नयेत म्हणून आरपार बांधलेल्या लोखंडी गजांची ती टोकं.

फाकायला काय होतंय, असं वाटेल. ओल्या काँक्रीटचं वजन घनमीटरला सुमारे 2400 किलो. 3 मीटर उंचीपर्यंत एका दमात ओतलं तर तळाशी चौरस मीटरला 7 टनांचा रेटा येतो. तळाच्या आडव्या प्लायवर एकूण 10 टनांच्या आसपास, म्हणजे प्रत्येक गजावर दीड टनाहून जास्त. एक गज जरी ढिला राहिला तरी भिंतीला पोट येतं, आणि ते नंतर तासून जात नाही.

बाकी चुका सगळ्या गवंड्यांना ठाऊक असतात. प्लायच्या सांध्यातून सिमेंटचं पाणी गळालं की नुसती खडी उरते आणि जाळी पडते. काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटर कमी फिरला तर हवेचे बुडबुडे, जास्त फिरला तर खडी खाली आणि पाणी वर. एक थर ओतून पुढची गाडी यायला उशीर झाला की दोन थरांत आडवी काळी रेघ कायमची. गिलावा करायचा असता तर यातलं बरंच झाकलं गेलं असतं. इथे गिलावाच नाही.

उघड्या आणि ओल्या भिंतीला आणखी दोन दुखणी असतात. एक म्हणजे लोणा, पांढरा. काँक्रीटमधला चुना पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून खडू होऊन बसतो. दुसरं गंज. सळई पृष्ठभागापासून 3 ते 5 सेंटीमीटर आत नसेल तर ओलावा तिथवर पोचतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि वरचं काँक्रीट ढलपी होऊन सुटतं. मग भिंतीवर तपकिरी ओघळ दिसू लागतात. चित्राच्या वर असा ओघळ आला तर तो चित्रावरूनच वाहणार, हे लक्षात घेतलं की सळईवरच्या काँक्रीटच्या एका सेंटीमीटरचं मोल कळतं.

पाण्याची तीन कामं

बागेत धबधबे आहेत आणि उथळ कुंडं आहेत. पाणी इथे शोभेपुरतं आणलेलं नाही. पहिलं काम आवाजाचं. बाहेर कितायामाचा वाहता रस्ता आहे. पडणाऱ्या पाण्याच्या आवाजात सगळ्या पट्ट्यांचे सूर एकत्र असतात, त्यामुळे गाड्यांचा आवाज त्यात बुडतो. तो कमी होत नाही, कान त्याला वेगळा काढू शकत नाही एवढंच.

धबधबा सलग पडद्यासारखा पडायचा तर ज्या कडेवरून पाणी सांडतं ती टोकापासून टोकापर्यंत एकाच पातळीत हवी. कडेवर पाण्याची उंची 1 सेंटीमीटर असेल तर दर मीटर रुंदीमागे मिनिटाला साधारण 110 लिटर पाणी वाहतं. 2 सेंटीमीटर केली तर 310 लिटर, म्हणजे उंची दुप्पट झाली की पाणी जवळजवळ तिप्पट. अर्ध्या सेंटीमीटरवर 40 लिटरसुद्धा नाही. आता समजा कड थोडी कललेली आहे. एका टोकाला 12 मिलिमीटर पाणी, दुसऱ्याला 8. फरक 4 मिलिमीटरचा, पण एका बाजूने दुसरीपेक्षा 1.8 पट पाणी पडतं आणि पडदा फाटून धारा होतात. पाणी कमी पडलं तर ते कडेवरून सुटतच नाही, किटलीच्या तोटीसारखं खाली वळून भिंतीला चिकटून उतरतं. त्या जागी महिन्याभरात हिरवा पट्टा, नंतर पांढरा.

दुसरं काम थंडाव्याचं, ते थोडक्यात: उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटजवळ वाहतं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं, आणि जागा खोलगट असल्यामुळे गार हवा तळाशीच रेंगाळते.

तिसरं काम मोनेसाठी. आत शिरल्यावर लगेच हे चित्र पायाशी लागतं, 2 मीटर रुंद आणि जवळजवळ 13 मीटर लांब, कुंडाच्या तळाशी आडवं. मोनेने पाण्याचा पृष्ठभाग रंगवला आणि आंदोंनी त्या रंगवलेल्या पाण्यावर खरं पाणी सोडलं. ओल्या फरशीचा रंग नेहमीच गडद दिसतो, कारण कोरड्या पृष्ठभागावर उजेड विखुरतो आणि पांढुरकी झाक देतो. पाण्याखाली ती झाक जाते. पाण्यातून पाहताना तळ खऱ्या खोलीच्या तीन चतुर्थांशावर आल्यासारखा वाटतो, त्यामुळे चित्र पृष्ठभागाच्या जवळ तरंगतं.

अशा कुंडाला शेवाळाचा सतत धोका असतो. उथळ पाणी, भरपूर ऊन आणि पडलेली पानं, शेवाळाला आणखी काय हवं. पाणी फिरतं ठेवणं, गाळणं, पानं रोज काढणं आणि ठरावीक वेळी कुंड रिकामं करून फरशी मऊ ब्रशने घासणं, याला पर्याय नसतो. ग्लेझ काचेसारखी असल्याने शेवाळाला घट्ट धरायला जागा मिळत नाही, ते नुसतं चिकटतं. मात्र घासायला तारेचा काथ्या घेतला तर चरे पडतात आणि पुढच्या वेळी शेवाळाला धरायला जागा मिळते.

खाली उतरणारी वाट

जपानी बागेचा एक जुना प्रकार आहे ज्यात तळ्याभोवती फेरी मारत चालायचं आणि प्रत्येक वळणावर नवं दृश्य दिसायचं. आंदोंनी ती फेरी उभी केली. बाग जमिनीवर पसरण्याऐवजी खाली उतरते. महाराष्ट्रातली एखादी जुनी बारव उतरलेल्या माणसाला हा अनुभव ओळखीचा वाटेल: वरचा गलका मागे पडतो, भिंती उंच होत जातात, आभाळाचा तुकडा लहान होतो, पाण्याचा आवाज वाढतो.

फरक असा, की बारवेत पायऱ्या असतात आणि इथे मुख्य चालणं उतारांवरून आहे. उताराला लांबी लागते. चाकाच्या खुर्चीला झेपेल असा 1 ला 12 चा उतार धरला तर 6 मीटर खाली जायला 72 मीटर वाट हवी. लहान जागेत एवढी वाट बसवायची तर ती वळवावीच लागते, चित्रांसमोरून, धबधब्यांवरून, पुन्हा त्याच चित्रासमोर पण वेगळ्या उंचीवर. ‘अंतिम न्याय’ला याचा सगळ्यात जास्त फायदा मिळतो. सिस्टिन चॅपेलमध्ये मान वर करून बघावं लागतं आणि वरच्या आकृती लांबच राहतात. इथे वरच्या वाटेवरून वरचा भाग डोळ्यांच्या रेषेत येतो. चित्राच्या वरच्या अर्ध्या भागात येशूच्या पायांजवळ, आपल्या उजव्या हाताला, संत बार्थोलोम्यू सोललेली कातडी धरून बसला आहे. त्या कातडीवरचा सुरकुतलेला चेहरा मिकेलँजेलोचा स्वतःचा मानतात. तो बघायला दुर्बीण लागत नाही.

खोल आणि उघड्या जागेचा उलटा हिशेबही आहे. पडलेला प्रत्येक थेंब तळाशी जमतो आणि तिथून उतार मिळत नाही, पंपानेच वर चढवावा लागतो. तासाला 50 मिलिमीटरच्या सरीत 1000 चौरस मीटरवर 50,000 लिटर पाणी पडतं. अशा जागी पंप जोडीने ठेवतात, एक बंद पडला तर दुसरा चालावा म्हणून, आणि पंपाच्या तोंडावरची जाळी पानांनी तुंबली की दोन्ही निकामी, म्हणून पावसाआधी ती साफ करणं हे पंपाइतकंच महत्त्वाचं काम.

पानं शेजारच्या झाडांची. बागेला लागून क्योटोचं वनस्पती उद्यान आहे, 1924 मध्ये उघडलेलं, 24 हेक्टरचं. आंदोंच्या भिंतींच्या माथ्यावरून त्याची झाडं दिसतात. बाहेरचा डोंगर किंवा झाडी आपल्याच बागेचा भाग वाटेल अशी रचना करायची रीत जपानमध्ये शतकांची आहे, तिला शाक्केई म्हणतात, म्हणजे उसनं घेतलेलं दृश्य. राखाडी भिंत आणि तिच्यावर हिरवी रेघ, एवढ्यावर ती इथे साधली आहे.

जायचं असेल तर

बाग सकाळी 9 ते संध्याकाळी 5 उघडी असते, आत शेवटचा प्रवेश साडेचारला. 28 डिसेंबर ते 4 जानेवारी बंद. अर्ध्या तासात फिरून होते, पण त्याच वाटेने दोनदा चालावं, एकदा उतरताना चित्रं बघत आणि एकदा चढताना भिंती बघत. भर उन्हात ग्लेझवर आभाळ चमकतं आणि चित्राचा अर्धा भाग पांढरा दिसतो. दोन पावलं बाजूला सरकलं की चमक सरकते. ढगाळ दिवस यासाठी उत्तम. हलक्या पावसाचा दिवस त्याहून चांगला, कारण भिजलेल्या फरश्यांचे रंग मोनेच्या चित्रासारखेच गडद होतात आणि गर्दीही नसते. उतारावर बूट मात्र घट्ट पकडीचे हवेत.

कमळांच्या कुंडाशी उभं राहायची जागा नीट निवडा. पाण्याकडे सरळ वरून पाहिलं तर फक्त 2 टक्के उजेड पृष्ठभागावरून परत फिरतो, बाकी सगळं चित्र दिसतं. तिरकं पाहिलं, उभ्या रेषेपासून 60 अंशांवरून, तर 6 टक्के. 80 अंशांवरून 35 टक्के, आणि तेव्हा चित्र जाऊन तिथे आभाळच उरतं. म्हणून आधी कुंडाच्या टोकाला थांबून लांबवर नजर टाका: समोर ढग. मग कडेकडेने चालत जवळ या आणि पायाशी खाली बघा. ढगांतून कमळं एकेक करून वर येतात.